सुरमईच्या कागदाला हळद

“सुनंदा, महत्त्वाचा कागद घरातून कोरा जाऊ द्यायचा नाही. चारी कोपऱ्यांना हळदीचं बोट लावायचं, मग जाऊ दे त्याला जायचं तिथं.”

सासूबाईंना जाऊन अठरा वर्षं झाली, पण त्यांचा हा आवाज सुनंदाबाईंच्या देवघरात निरांजनाशेजारीच बसलेला असे. कृष्णकांतरावांचे बढतीचे अर्ज, मकरंदचा इंजिनीअरिंगचा फॉर्म, पेरुंगुडीच्या फ्लॅटचा करारनामा, इतकंच काय, गॅस कनेक्शनचा अर्जसुद्धा हळद लावूनच बाहेर पडला होता. सगळे कागद कामं फत्ते करून आले. एकच फसला, कृष्णकांतरावांचा पुण्याच्या बदलीचा. त्या दिवशी डबीतली हळद संपली होती आणि चौथा कोपरा तसाच राहिला होता. म्हणून तर माणसं पस्तीस वर्षं चेन्नईत होती. असं निदान सुनंदाबाई मानत. कृष्णकांतराव मानत नसत, पण कोच फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून ते एकूणच फारसं काही मानत नसत, सरकारी परिपत्रकं सोडून.

तर या घरात, जिथं अंड्यालासुद्धा नावानं न हाक मारता “ते” म्हणत, तिथं एक दिवस मकरंदनं चहाचा कप खाली ठेवून सांगितलं, “आई, बाबा, मी राजीनामा दिलाय. मी मासे आयात करणार आहे.”

सुनंदाबाईंनी आधी देवघराचं दार लोटून घेतलं. मग विचारलं, “कुठले मासे?”

“सुरमई. ओमानहून. गोठवलेली.”

त्याचा हिशोब सरळ होता. दरवर्षी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत इथल्या समुद्रात बोटींना मासेमारीची बंदी असते. ते एकसष्ट दिवस वंजिरम, म्हणजे आपली सुरमई, चेन्नईच्या बाजारातून नाहीशी होते आणि अख्खं शहर हळहळतं. त्या दिवसांत बाहेरची चांगली सुरमई आणून हॉटेलांना द्यायची. बंदी उठली, इथल्या बोटी सुटल्या, की मग गोठवलेल्या मालाकडे कुत्रं फिरकणार नाही. म्हणजे जे काय करायचं ते त्या मुदतीत.

“पण तू जन्मात मासा चाखलेला नाहीस,” कृष्णकांतराव म्हणाले.

“बाबा, तुम्ही तीस वर्षं रेल्वेचे डबे बनवलेत. एक तरी विकत घेतलात?”

यावर कृष्णकांतरावांनी अडचणीत ते नेहमी करतात तेच केलं: नियम शोधून काढले. दोन दिवसांत त्यांनी चष्मा कपाळावर चढवून जेवणाच्या टेबलावर निरूपण सुरू केलं. आधी आयात परवाना. मग तिकडच्या सरकारी अधिकाऱ्याचं आरोग्य प्रमाणपत्र, तेही मूळ, शाईच्या सहीचं. त्यात मासा ‘वाइल्ड कॉट’ असल्याचं लिहिलेलं हवं. कुठल्या बोटीनं पकडला, कुठल्या पाण्यात, कुठल्या कारखान्यात गोठवला, कंटेनरच्या सीलचा नंबर काय. मग इथं बंदरात क्वारंटाइन ऑफिसचा डॉक्टर येणार, कंटेनर उघडणार, थंडी मोजणार, नमुना घेणार. सगळं जुळलं तर दाखला. नाही जुळलं तर माल परत, नाहीतर नष्ट.

“वाइल्ड म्हणजे रानटीच ना हो?” सुनंदाबाईंनी हळूच विचारलं. “समुद्रातला मासा आणखी कसा असणार?”

“अगं, तळ्यात वाढवलेले पण असतात. त्यांना औषधं घातलेली असतात. त्यांचे नियम वेगळे.”

सुनंदाबाईंना ते पटलं. मुलीची पत्रिका, कुळ, गोत्र, आजोळ विचारल्याशिवाय आपण तरी कुठं पुढं जातो.

शेजारच्या हंबीररावांना तर हे सगळं ऐकून अंगावर मूठभर मांस चढलं. हंबीरराव तंजावरकडचे. पिढ्यान् पिढ्या तिकडे राहून त्यांच्या मराठीला सांबाराचा वास लागला होता, पण ती जुनी, भारदस्त होती. मासे हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ते आपण होऊन मकरंदचे सल्लागार झाले. “डोळा पाहावा, मग खवले, मग शेपटी. तुम्हां ब्राह्मणांस काय कळणार? मी आहें नव्हे!” वर आपला पुतण्या उदयसिंह त्यांनी मकरंदला बहाल केला. उदयसिंह बंदरात माल सोडवून देणारा एजंट होता; अबोल, टापटिपीचा, कागदाला घडीसुद्धा पडू न देणारा.

सगळं जमत आलं. अडचण एकच होती आणि ती फक्त सुनंदाबाईंना दिसत होती. यंदा ज्येष्ठ अधिक होता. अधिक महिन्यात कोणी नवं घर घेत नाही, मुंज करत नाही, साधी अंगठी करत नाही; आणि यांचा पहिलाच माल नेमका अधिक महिन्यात बंदराला लागणार होता. हंबीररावांच्या बायकोनं समजूत घातली, “इकडं अधिक महिना नाहींच, अक्का. तमिळ पंचांगांत वैकासी मास चालू आहे. सर्व शुभ.” पण देव काय चेन्नईला आला म्हणून पंचांग बदलणार होता?

सुनंदाबाईंनी मकरंदला काही म्हटलं नाही. त्या मुळातच काही म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी आपला नेम कडक केला. महिनाभर एकभुक्त, रोज तुपाचा दिवा, आणि पहाटे उठल्यापासून दुपारी बाराच्या नैवेद्यापर्यंत मौन. तेहतीस अनारशांचं पीठही भिजवलं. अधिकात जाळीदार वस्तू दान करायच्या, म्हणून कृष्णकांतरावांनी विनोद केला, “मग कोळ्याचं जाळंच दे एखाद्याला.” सुनंदाबाई तेव्हा मौनात होत्या, म्हणून वाचले.

ओमानहून मूळ प्रमाणपत्र कुरिअरनं संध्याकाळी घरी आलं. जाड, दुधी कागद, खाली उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईचा गोल शिक्का, त्यावरून गेलेली वळणदार सही. मकरंदनं ते फाइलीत घालून फ्रिजवर ठेवलं आणि आईकडे पाहून म्हणाला, “आई, याला कोणी हात लावायचा नाही.”

सुनंदाबाईंनी मान हलवली. कोणी म्हणजे कोण, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे स्नान करून ओलेत्यानंच त्यांनी देवासमोर हात जोडले. फ्रिजवर फाइल दिसत होती. घरातला आजवरचा सगळ्यात महत्त्वाचा कागद. समुद्र ओलांडून आलेला, अधिक महिन्यात, माशांचा, आणि कोरा. सासूबाईंचा आवाज असा काही स्पष्ट आला की त्यांनी मागं वळून पाहिलं.

पहिला कोपरा झकास झाला. दुसराही. तिसऱ्यालाही काही तक्रार नव्हती. चौथ्या कोपऱ्यावर बोट टेकलं आणि केसांतून ओघळलेला पाण्याचा एक थेंब त्याच जागी टपकन पडला.

हळद पसरली. पसरली म्हणजे शिक्क्याच्या कडेनं फिरून सहीच्या शेपटावर चढली. निळ्यात पिवळं मिसळून हिरवं होऊ लागलं. सुनंदाबाईंना ओरडायचं होतं, पण मौन होतं. त्या कागद दोन्ही हातांत आडवा धरून गॅलरीत धावल्या. पलीकडच्या गॅलरीत हंबीरराव लुंगी खोचून कढीपत्त्याला पाणी घालत होते.

त्यांनी गजांतून मान पुढं काढून पाहिलं. “अय्यो! हें काय अक्का? हळद?”

सुनंदाबाईंनी मान हलवली. डोळ्यांत पाणी.

“भिऊं नका. साबणाचा फेस घ्या. कापसानें हळूंच टिपा. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावरचा रश्शाचा डाग असाच जातो.”

नंतर हंबीररावांच्या बायकोनं सांगितलं की यांनी जन्मात एकही सदरा धुतलेला नाही. पण ते नंतर. त्या क्षणी गजांपलीकडून येणारा तो भारदस्त आवाज सुनंदाबाईंना आकाशवाणीसारखा वाटला. त्यांनी बशीत साबणाचा फेस केला, कापूस बुडवला, हलकेच टिपला.

आणि पिवळा डाग लालभडक झाला.

शिक्क्याच्या मधोमध रक्ताचा टिळा लावावा तसा. शिक्क्यातली अर्धी अक्षरं फेसाबरोबर कापसावर आली. सुनंदाबाई कापसाकडे बघत राहिल्या. तिकडच्या सरकारचा काही भाग आता त्यांच्या हातात होता.

“आतां सुकवा,” गॅलरीतून हंबीरराव कुजबुजले. “आणि अक्का, मीही मौन धरतों.”

पंख्याखाली कागद सुकतो न सुकतो तोच मकरंदच्या खोलीचं दार वाजलं. सुनंदाबाईंनी कागद फाइलीत सरकवला, फाइल फ्रिजवर. तो घाईत होता. न बघता फाइल उचलली, आईच्या पाया पडला, गेला. त्या पाठमोऱ्या मुलाकडे बघताना हात उंचावून त्याला थांबवायला कोणाची मनाई नव्हती. मौन जिभेचं होतं, हाताचं नव्हतं. हात उचलला गेला नाही, एवढं खरं.

पावणेअकराला फोन वाजला. कृष्णकांतरावांनी स्पीकर लावला.

“बाबा, घोटाळा झालाय. कंटेनर उघडला, तापमान बरोबर, सील बरोबर, नमुनाही घेतला. पण प्रमाणपत्रावर शिक्का केमिकलनं पुसायचा प्रयत्न केलाय, असं डॉक्टरबाई म्हणतायत. लाल डाग आहे. मी कुरिअर उघडलं तेव्हा कागद स्वच्छ होता!”

“स्कॅन आहे ना आपल्याकडे?”

“स्कॅन त्यांनी पाहिला. म्हणाल्या, म्हणूनच संशय येतो. स्कॅनमध्ये शिक्का पूर्ण आहे आणि मूळ कागदावर नाही. उद्या अकराला सुनावणी. फेरफार असा शेरा पडला तर माल परत जाईल आणि पुढं माझ्या नावानं येणाऱ्या प्रत्येक कंटेनरकडे चोराच्या नजरेनं बघतील. संपलंच मग.” तो थांबला. “आई आहे का तिथं? आई, तू फाइलीला हात लावला होतास का?”

कृष्णकांतरावांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. सुनंदाबाईंनी देवाकडे पाहिलं. देवानं नेहमीप्रमाणे समोर पाहिलं.

“अरे, तिचं मौन आहे बारापर्यंत,” कृष्णकांतराव म्हणाले.

“हां. असू दे. ती कशाला लावेल, मी सांगितलं होतं तिला.” हे वाक्य सुनंदाबाईंना थपडेसारखं लागलं. “म्हणजे एकच उरतो. सकाळी फाइल मी गेटवर उदयसिंहच्या हातात दिली, तेव्हापासून ती त्याच्याकडेच होती.”

बारा वाजले. नैवेद्य झाला. बोलायला मोकळीक मिळाली, आणि सुनंदाबाईंच्या लक्षात आलं की सकाळभर जे तोंडाशी दाटलं होतं ते आता घशाखाली उतरून बसलंय. त्यांनी दिवसाचं एकमेव जेवण पानात वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. संध्याकाळी मकरंद आला तेव्हा त्याचा चेहरा इतका उतरला होता की त्याला आणखी काही सांगणं म्हणजे मारण्यासारखं वाटलं. मग तो उदयसिंहला फोनवर बोलला. जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मकरंद तसं बोलू शकतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

रात्री हंबीरराव दारात आले. आत आले नाहीत. “अक्का, माझा पुतण्या रडतो आहे. वीस वर्षें बंदरांत काम केलें, कोणी एक शब्द बोललें नव्हतें. मी सांगूं काय? तुम्ही म्हणाल तसें करतों.”

“नका सांगू,” सुनंदाबाई म्हणाल्या. मग हंबीररावांचा चेहरा पाहून म्हणाल्या, “मी सांगते.”

“कधीं?”

“उद्या.”

“उद्यां बारापर्यंत तुमचें मौन, आणि सुनावणी अकरास!”

हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. खरं तर दुपारपासून तेवढंच लक्षात होतं. आणि मनाचा एक कोपरा, हळद न लागलेला, हळूच म्हणत होता की बरंच आहे, अकराला मौनच आहे, आपल्या हातात काय आहे?

सकाळी त्यांनी पूजा केली आणि कपाट उघडून इरकली नेसली. कृष्णकांतराव बघतच राहिले. त्यांनी खुणेनं विचारलं, कुठं? सुनंदाबाईंनी फ्रिजच्या मोकळ्या डोक्याकडे बोट दाखवलं. कृष्णकांतराव हुशार माणूस. तीस वर्षं चुका शोधण्यात गेली होती. त्यांनी फ्रिजकडे पाहिलं, हळदीच्या डबीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

“सुनंदा! ओरिजिनलला?”

सुनंदाबाईंनी मान हलवली.

“झेरॉक्स तरी काढून...”

रिक्षात हंबीरराव आणि सुनंदाबाई. ओएमआर या हमरस्त्यावर मेट्रोच्या खांबांमुळे वाट अशी आवळलेली की दर सिग्नलला दहा मिनिटं जावीत. दहा पंचवीस. दहा चाळीस. हंबीरराव रिक्षावाल्यावर तमिळमध्ये खेकसत होते आणि मध्येच वळून उपाय सुचवत होते. “अक्का, कागदावर लिहून दाखवा. मौन मोडत नाहीं. नाहींतर मी बोलतों, तुम्ही मान हलवा.”

सुनंदाबाईंनी पर्समधली चिठ्ठी काढून दाखवली. चिठ्ठी पहाटेच लिहून झाली होती. अक्षर सुरेख, मजकूर दोन ओळींचा. हंबीररावांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण रिक्षा पुढं सरकत होती तसतशी ती चिठ्ठी त्यांच्या हातात जड होत गेली. मुलानं विचारलं होतं तोंडानं. उदयसिंहला बोलणी बसली होती ती तोंडानं. आणि आपण कबुली द्यायची ती लपतछपत, घडी घातलेल्या कागदात, हात पुण्याईच्या पदराखाली ठेवून? त्यांनी डोळे मिटले. या शहरात पहिल्या वर्षी, जेव्हा भाषा येत नव्हती आणि बाजारात वांगं मागायलाही बोट दाखवावं लागे, तेव्हा मैलापूरच्या कर्पगांबाळ देवीच्या देवळातच त्यांना घरच्यासारखं वाटलं होतं. तिथल्या तलावात मासे आहेत. भाविक त्यांना पोरी, म्हणजे चुरमुरे, घालतात. आई, मौन मोडते आहे. ते मोडल्याबद्दल तेहतीस दिवस तुझ्या तलावातल्या माशांना चुरमुरे घालीन. माझ्या मुलाचा माल सुटो न सुटो. ही अट नाही, हे प्रायश्चित्त आहे.

चिठ्ठी त्यांनी फाडून पर्समध्ये परत टाकली. हंबीरराव “अय्यो, अय्यो” म्हणत राहिले.

क्वारंटाइन ऑफिसच्या त्या खोलीत अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. टेबलामागं डॉक्टर भव्या. वय तिशीचं, केसांत मोगऱ्याचा गजरा, चष्म्यावरून बघणारी. समोर मकरंद. बाजूला, खुर्ची असूनही उभा, उदयसिंह. टेबलावर ते प्रमाणपत्र, प्लास्टिकच्या पिशवीत, गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या सुऱ्यासारखं.

“आई? तू इथं?” मकरंद उठला. “मॅडम, ही माझी आई. तिचं बारापर्यंत मौन असतं, ती बोलणार ना...”

“मी लावली,” सुनंदाबाई म्हणाल्या.

आवाज मुळातच मऊ, त्यात पहाटेपासून न वापरलेला. कोणालाच ऐकू गेलं नाही. त्यांनी घसा खाकरला आणि पस्तीस वर्षांत कमावलेल्या तमिळमध्ये पुन्हा म्हटलं, “तो डाग माझा आहे, अम्मा. या मुलाचा नाही. हळद आहे ती. कोपऱ्यांना मी लावली. मग ओघळली म्हणून साबणानं पुसली.”

मकरंद आईकडे बघत होता, उदयसिंह जमिनीकडे, आणि हंबीरराव दाराच्या चौकटीवरची खिळ्याची भोकं मोजत होते.

“साबण माझा सल्ला,” ते अखेर म्हणाले. “तेंही लिहून घ्या.”

डॉक्टर भव्यानं चष्मा काढला. “अम्मा, हळद पिवळी असते. हा डाग लाल आहे. तुम्ही मुलाला वाचवायला आलाय, ते मला समजतं. पण मी फाइलीत काय लिहू?”

सुनंदाबाईंच्या आयुष्यात त्यांना कोणी खोटं म्हटलं नव्हतं, आणि तेही खरं बोलल्यावर! त्यांचे कान तापले. पर्समधून त्यांनी हळदीकुंकवाची चांदीची डबी काढली, टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पाण्याच्या ग्लासात बोट बुडवून चार कोपऱ्यांना चार बोटं लावली. “साबण आहे का हात धुवायचा?”

शिपाई हात धुवायच्या बेसिनवरची वडी घेऊन आला. तो, त्याच्या मागून दोन कारकून आणि पलीकडच्या खोलीत कोळंबीच्या कागदांसाठी बसलेले एक गृहस्थ, सगळे दारात जमले. सुनंदाबाईंनी फेस केला, पदराच्या टोकानं टिपला. खोलीत जो तो मान पुढं करून बघत होता. एक क्षण काहीच झालं नाही. मग पिवळ्यातून लाल वर आलं, अगदी कालच्यासारखं, निर्लज्जपणे.

“ओ!” डॉक्टर भव्या म्हणाली आणि पहिल्यांदाच तिशीपेक्षा लहान दिसली. “अल्कली! हळद अल्कलीत लाल होते. आम्ही शाळेत केलं होतं हे.” तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले, भिंगानं पाहिले, फोटो काढले. मग म्हणाली, “पण का लावली, अम्मा?”

“मोठ्यांनी सांगितलं होतं. शुभ कागद कोरा पाठवू नये.”

डॉक्टर भव्यानं भिंग बाजूला ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “माझ्या नेमणुकीच्या पत्राला माझ्या पाट्टीनंपण हळद लावली होती. म्हणजे माझ्या आजीनं. पण अम्मा, तिनं झेरॉक्सला लावली.”

नियम नियमच होता, आणि तो तिनं केसभरही वाकवला नाही. कृष्णकांतरावांनी नंतर तिची फार तारीफ केली. तिनं सुनंदाबाईंकडून सविस्तर जबाब लिहून घेतला. पदार्थ: हळद, घरगुती. प्रमाण: चार बोटं. हेतू: यावर कारकून अडला आणि शेवटी त्यानं ‘धार्मिक’ लिहिलं. साक्षीदार: हंबीरराव. त्यामुळे प्रकरण फेरफारातून निघून खराब झालेल्या कागदात गेलं. त्यातून सुटायचा रस्ता होता: ओमानच्या अधिकाऱ्यानं थेट या ऑफिसला कळवायचं की हे प्रमाणपत्र आम्हीच दिलंय आणि दुसरी मूळ प्रत पाठवतो. तोवर माल थंडीत, कुलपात.

आणि ओमानला बकरी ईदची सुट्टी लागली होती. सलग सगळा आठवडा.

बाहेर आल्यावर मकरंद आधी उदयसिंहसमोर उभा राहिला. “दादा, मी काल जे...” उदयसिंहनं त्याचा हात धरला आणि म्हणाला, “पुढच्या वेळीं फाइल मी घरून घेईन. रात्रींच.” तेवढंच.

आईशी मात्र तो रिक्षात बसेपर्यंत बोलला नाही. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, “काल तू गप्प का राहिलीस?”

“मौन होतं.”

“बारानंतर?”

सगळे नेम पाळताना सुनंदाबाईंना कधी असं उघडं वाटलं नव्हतं. “यापुढं तुझ्या कागदाला हात लावणार नाही,” त्या म्हणाल्या. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

पुढचे दिवस घरात कोणी मोठ्यानं भांडं ठेवलं नाही. जूनच्या तारखा एकेक करून सरत गेल्या. कृष्णकांतराव दर तासाला ओमानची वेळ सांगत. हंबीरराव रोज बातमी आणत की कासिमेडूच्या धक्क्यावर बोटींना रंग लावणं चालू झालंय, आता जाळी विणताहेत, आता बर्फ भरायची तयारी आहे, आणि दर बातमीला मकरंदचा घास हातातच राही. सुट्टी संपली, त्याला जोडून शुक्रवार-शनिवार आले, तिकडची साप्ताहिक रजा. मग ज्यांची सही होती ते साहेब गावी गेले होते.

बंदी उठायला सहा दिवस उरले असताना उत्तर आलं. त्यानंतर तीन दिवसांनी दुसरी मूळ प्रत आली, परस्पर ऑफिसच्या पत्त्यावर, कोणाच्याही फ्रिजवर न येता. नमुनाही निर्दोष निघाला. दाखल्यावर सही झाली तेव्हा तीन दिवस हातात होते. त्या तीन दिवसांत मकरंद आणि उदयसिंह यांनी शहरभर अशी धावाधाव केली की अधिकातल्या प्रदक्षिणा फिक्या पडाव्यात. शेवटची पेटी उतरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बोटी समुद्रात गेल्या.

मकरंद घरी येऊन अठरा तास झोपला. उठल्यावर म्हणाला, “हॉटेलवाल्यांनी पुढचा माल विचारलाय. या वेळी पापलेट म्हणतायत, ते बंदी नसतानाही इथं पुरत नाही.” आईकडे बघून म्हणाला नाही, पण आई ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हणाला.

अधिक महिना संपला. अनारसे वाटून झाले. दोन डझन हंबीररावांकडे, उदयसिंहसाठी वेगळा डबा. पण मैलापूरच्या माशांचे तेहतीस दिवस अजून पुरे झाले नव्हते.

एके पहाटे सुनंदाबाई नेहमीसारख्या उठल्या. फ्रिजवर नवी फाइल होती, उदयसिंह रात्री येऊन न्यायला विसरला होता की मुद्दाम ठेवून गेला होता, कोण जाणे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. देवघरात दिवा लावायला वाकल्या तर समोर, फुलांच्या तबकाखाली, एक कागद दाबून ठेवलेला. पातळ, साधा, कोपरे पांढरे. पापलेटच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स.

मकरंदच्या खोलीचं दार बंद होतं. आत तो जागा होता. पंख्याच्या आवाजामागं झोपलेल्या माणसाचा श्वास येतो, तो येत नव्हता.

सुनंदाबाईंनी केस आधी पदरानं कोरडे केले. मग चारी कोपऱ्यांना चार बोटं लावली, एकेक, नीट, आणि हात जोडले.

मग चुरमुऱ्यांची पुडी पिशवीत टाकली, चपला हातात घेतल्या म्हणजे फरशीवर वाजणार नाहीत, आणि मैलापूरच्या पहिल्या गाडीसाठी त्या दार हलकेच ओढून बाहेर पडल्या.